काळा घोडा-कुलाब्यातल्या गॅलऱ्यांची ओपनिंग: आमंत्रण नसताना गेलं तर चालतं का?

बदलापूर_फास्ट

मंडळी, एक विचारायचं होतं. मी फोर्टात एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे, साडेसहाला सुटते. इन्स्टावर हल्ली सारख्या कुलाब्यातल्या गॅलऱ्यांच्या पोस्टी दिसतात, गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ ओपनिंग, आणि कधीकधी एकाच संध्याकाळी तीन-चार ठिकाणी. चित्रं बघायची मनापासून आवड आहे, शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दोन्ही दिल्यात, जहांगीर आर्ट गॅलरीत तर जेवणाच्या सुट्टीत पण चक्कर मारून येते. पण या बाकीच्या गॅलऱ्यांत अजून पाऊल टाकलेलं नाही, कारण बाहेरून काही कळतच नाही, जुनी बिल्डिंग, खाली वॉचमन, वर नक्की काय आहे कुणास ठाऊक. मार्च २०२५ मध्ये हुसेनचं चित्र ११८ कोटींना गेल्याची बातमी वाचली तेव्हापासून तर अजूनच वाटायला लागलं की ही आपली जागा नव्हे.

तर बोलावणं लागतं का? काही विकत घ्या म्हणून मागे लागतात का? ऑफिसच्या ड्रेसवर, डब्याच्या पिशवीसकट गेलं तर कसं दिसेल? एकटीच असणार आहे. आणि मला परत बदलापूर गाठायचंय हे लक्षात ठेवून सांगा प्लीज.

गिरगावकर_७२

ताई, बिनधास्त जा. पोस्टवर 'ओपनिंग' लिहिलंय आणि 'फक्त निमंत्रितांसाठी' असं काही लिहिलेलं नाही म्हणजे दार सगळ्यांना उघडं. तिकीट नाही, पास नाही, फार तर दाराशी वहीत नाव लिहायला सांगतात. (प्रिव्ह्यू किंवा डिनर असेल तर ते मात्र बोलावलेल्यांचंच असतं, तिथे जाऊ नका.) डब्याच्या पिशवीचं म्हणाल तर निम्मी गर्दी ऑफिसातूनच आलेली असते, पाठीवर लॅपटॉपची बॅग. फक्त पिशवी पुढे धरा, कारण गर्दीत मागे वळताना चित्राला नाहीतर एखाद्या शिल्पाला धक्का लागायची भीती असते, तेवढीच काळजी.

आता रस्ता सांगतो. तुमचं ऑफिस फोर्टातच आहे म्हणजे सुरुवात प्रेस्कॉट रोडपासून करा, क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला, केमोल्ड. ही साधीसुधी जागा नाही हो. केकू आणि खोरशेद गांधी या पारशी नवराबायकोचा मुळात चित्रांच्या फ्रेमा बनवायचा धंदा, त्या फ्रेमांच्या दुकानात त्यांनी आरा, हुसेन अशा तेव्हाच्या तरुण पोरांची चित्रं लावायला सुरुवात केली. मग १९६३ मध्ये जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर गॅलरी काढली आणि २००७ मध्ये ती इथे प्रेस्कॉट रोडला आली. जागा मोठी आहे, मोठ्या मापाची चित्रं लांबून बघायची तर इथेच.

तिथून चालत काळा घोडा, मग रीगल, मग ताजच्या मागचा मेरीवेदर रोड. इथे सनी हाऊसमध्ये मिरचंदानी + स्टाइनरुके आणि एक्सपेरिमेंटर अशा दोन गॅलऱ्या एकाच बिल्डिंगीत (एक्सपेरिमेंटर मूळची कोलकात्याची, इथे २०२२ मध्ये आली), आणि त्याच रस्त्यावर देविदास मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर झवेरी कंटेम्पररी. पुढे आर्थर बंदर रोडला कमल मॅन्शनमध्ये चॅटर्जी अँड लाल. पाय शाबूत असतील तर आणखी पुढे कुलाबा फायर ब्रिगेडजवळ प्रोजेक्ट ८८, ती जुन्या छापखान्याची जागा आहे, नुसती जागा बघायला जरी गेलात तरी पैसे वसूल (जे द्यावे लागतच नाहीत म्हणा). पण सगळ्या एका रात्रीत उरकायच्या भानगडीत पडू नका, तीन पुष्कळ झाल्या. तिसरीनंतर डोळ्यात काही शिरत नाही.

पोटाचं बघायचं तर कुलाबा कॉजवेवर ऑलिंपियाचा खिमा-पाव आहे, ताजच्या मागे बडेमियाँ आहे. गॅलरीत वाइन आणि थोडं काहीतरी तोंडात टाकायला असतं, पण त्यावर जेवण होत नाही.

परतीचं सोपं आहे, रीगलहून टॅक्सीने सीएसएमटी, कर्जत लोकल रात्री उशिरापर्यंत आहेत, आणि रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो.

रंगपाणी

वरच्या काकांनी रस्ता झकास सांगितलाय, मी बघण्याबद्दल बोलते. जेजेला (जेजे स्कूल ऑफ आर्ट) पेंटिंग केलंय, आता पुण्यात शिकवते, पण महिन्याकाठी एक गुरुवार मुंबईसाठी राखून ठेवलेला असतो.

ओपनिंगला चित्रं नीट दिसत नाहीत हे आधीच मनात धरून जा. चित्रासमोर चार जण पाठ करून गप्पा मारत उभे असतात. म्हणून मी सरळ पोचल्या पोचल्या, सहा-सव्वासहाला, गर्दी जमायच्या आत एक फेरी मारून घेते. तुम्हाला साडेसहाला सुटून तेवढं जमणार नाही, तर पहिली गॅलरी ऑफिसच्या सगळ्यात जवळची धरा. आणि जे चित्र डोक्यातून जात नाही ते शनिवारी दुपारी परत जाऊन बघा, तेव्हा हॉलमध्ये तुम्ही आणि डेस्कवरची मुलगी एवढेच असता. बघताना एक करा, चित्राच्या कडेला जाऊन तिरकं बघा. समोरून जो सपाट निळा दिसतो ना, त्यात तिरक्या उजेडात रोलरचे, चाकूचे, कधी कापडाने पुसून काढलेले माग दिसतात, खालचा पिवळा कुठेतरी कडेला राहून गेलेला दिसतो. हे फोनवर कधीच दिसणार नाही. चित्र कसं झालं ते तिथे लिहिलेलं असतं, भिंतीवरच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त.

मग ओपनिंगला जायचंच कशाला? तर त्या दिवशी चित्रकार स्वतः तिथे असतो. आणि खरं सांगू का, त्याच्याशी येऊन 'हा रंग असा का' एवढं साधं विचारणारी माणसं फार थोडी असतात. बहुतेक लोक अभिनंदन करून पुढे सरकतात. तुम्ही विचारा. मराठीत विचारा, बरेच जण जेजेतून नाहीतर सांगली-कोल्हापूरकडून आलेले असतात, आनंदाने बोलतात.

आणि जहांगीरला नुसती जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, तिथलं उद्घाटन पण बघा एकदा. तिथली बरीचशी प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात आणि हॉल सातला बंद होतो, त्यामुळे सगळं लवकर असतं. कुलाब्यात वाइन, इथे समई, प्रमुख पाहुणे, पेढे आणि गावाहून गाडी करून आलेलं अख्खं घर. मागे एकदा एका मुलाच्या पहिल्या प्रदर्शनात त्याचे वडील, टोपी-धोतरातले, एका निसर्गचित्रासमोर ठाण मांडून उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, ही आमची विहीर, हा बांध, इथनं पलीकडं भावकीचं. चित्रावर त्याहून चांगलं बोलणारा क्युरेटर मी बघितलेला नाही. मुलाने त्या हॉलसाठी कित्येक वर्षं नंबर लावून वाट बघितलेली असते, भाडं स्वतः भरलेलं असतं, हे ध्यानात ठेवून बघा.

स्पष्टवक्ता_पार्ले

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. दार उघडं असतं हे खरं, पण आत गेल्यावर कुणी ओळख दाखवत नाही. एका गॅलरीत (नाव घेत नाही) मी किंमत विचारली तर आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग 'ते रिझर्व्ह आहे' म्हणून विषय संपवला. भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्रजीत, तो पण असा की दोनदा वाचून हाती काही लागत नाही. मुंबईत, मराठी चित्रकाराचं प्रदर्शन, आणि एक ओळ मराठीत नाही! गायतोंडे, बरवे, गाडे, पटवर्धन ही नावं आपल्या घरात का माहीत नसतात याचं कारण लांब शोधायला नको. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते, दवाखाना सांभाळून त्यांनी लोकलमधली, रस्त्यावरची, इराण्याकडे बसलेली माणसं रंगवली, म्हणजे आपलीच माणसं की ती. त्या चित्रांपर्यंत बदलापूरच्या माणसाला पोचायला भीती वाटते यात बदलापूरकराची चूक नाही.

तरी जा. चार मराठी माणसं सारखी जायला लागली की त्यांनाही मराठीत लिहावंसं वाटेल. पण वागणूक वाईट मिळाली तर 'आपलंच काहीतरी चुकलं' असं मनात आणू नका.

खिळा_हातोडी

मी गॅलरीत काम करतो, चित्रं टांगायचं, उजेड लावायचं, कुठल्या ते सांगत नाही. पार्लेकरांशी भाषेबद्दल शंभर टक्के सहमत, मी आत राहून तेच बोलतो. पण किंमतीचं थोडं सांगतो कारण त्यावरून लोक फार बिचकतात.

भिंतीवर किंमत लावत नाहीत ही सगळीकडचीच पद्धत आहे. डेस्कवर यादी असते, 'प्राइस लिस्ट बघायला मिळेल का' एवढं म्हणा, आम्हाला रोज कुणीतरी विचारतं, त्यात काही विशेष नाही. नावाच्या पट्टीशेजारी लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. जहांगीरला चित्रकार हॉल भाड्याने घेतो, इथे तसं नाही, गॅलरी त्याचं काम वर्षानुवर्षं सांभाळते, छपाई, फ्रेम, वाहतूक बघते आणि विक्रीतला साधारण निम्मा वाटा घेते. म्हणजे गॅलरीला विकायचं असतंच, पण ओपनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला विकायचं नसतं. बरीचशी विक्री आधीच फोनवर झालेली असते. तुमच्या मागे कुणी लागणार नाही, उलट रिकाम्या हॉलमधलं ओपनिंग चित्रकाराला फार लागतं. दोन-दोन वर्षं खोलीत बसून काम केलेलं असतं, त्याला माणसं हवी असतात बघणारी.

आणि काय टांगलंय ते समजत नसेल तर आमच्यासारख्या पोरांना विचारा. चित्र पाठीमागून पण आम्हीच बघितलेलं असतं, वजन आम्हाला माहीत असतं. बरेचदा चित्रकार टांगताना जे बोलतो ते भिंतीवर कुठेच येत नाही.

फोटो काढायला सहसा हरकत नसते, फ्लॅश नको, आणि व्हिडिओचं काम असेल तर आधी विचारा.

बदलापूर_फास्ट

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. येत्या गुरुवारी केमोल्ड आणि मग सनी हाऊस, एवढंच ठरवलंय. पार्लेकर, तुमचं पटलं, किंमत विचारणारच आहे, घ्यायची नसली तरी. @रंगपाणी ताई, पटवर्धनांची चित्रं आत्ता कुठे बघायला मिळतील का?

रंगपाणी

आत्ता कुठे लागलीयत का ते बघून सांगते. तोवर रीगलच्या चौकातलं एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) बघत राहा, २०१९ च्या शेवटी त्यांचं मोठं प्रदर्शन तिथेच झालं होतं. तिथे थोडं तिकीट आहे आणि सोमवारी बंद. गुरुवारचं म्हणाल तर मी पण येतेय, पावणेसातला क्वीन्स मॅन्शनच्या खाली उभी असेन, हातात झोळी आणि छत्री. अजून कुणाला यायचं असेल तर इथेच लिहा.

गिरगावकर_७२

मी येतो. ऑलिंपियाचं माझ्याकडे.

खिळा_हातोडी

त्या दिवशी आमच्याकडेही ओपनिंग आहे म्हणून मला सुटता येणार नाही. पण तुम्ही फिरत फिरत आलात तर ओळखाल, शिडीजवळ उभा असेन.