एनडीएच्या इंग्रजी उताऱ्यांचा सराव कसा करावा? (बजेट दीड-दोन हजार)

माणदेशी_भाऊ
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे, एप्रिलच्या एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. गणित चांगलं आहे, फिजिक्स-केमिस्ट्री इंग्रजीतून वाचते, समजतं. पण इंग्रजीचा उतारा आला की अडकते. दोनदा वाचते, तिसऱ्यांदा वाचते, तरी चार पर्यायांतले दोन तिला सारखेच वाटतात. परवा जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. इंग्रजीच्या ५० पैकी २२ बरोबर, २४ चूक, ४ सोडले. बरोबरला ४ मार्क, चुकीला १.३३ वजा, म्हणजे ८८ मधून ३२ गेले, हातात ५६ राहिले, २०० पैकी.
मी चाकणला कंपनीत आहे, ती गावी सांगोला तालुक्यात. दीड-दोन हजारांच्या वर खर्च जमणार नाही. क्लास लावणं शक्य नाही. कोणतं पुस्तक, कोणता पेपर, रोज किती वेळ, अनुभवाचं सांगा.

निवृत्त_हवालदार
बाळा, आधी बहिणीचं अभिनंदन. मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून सॅल्यूट ठोकला होता. आता सल्ला. माझ्या मुलाला निवासी अकॅडमीत घातलं, वर्षाचे ९० हजार भरले, पण पहाटे पाचला उठवून इंग्रजी पेपर वाचायला लावायचे. त्याचं इंग्रजी तिथेच सुधारलं. पैशाकडे बघू नका, आयुष्याचा प्रश्न आहे.

वाट_खडकवासल्याची
काका, धागाकर्त्याने बजेट दोन हजार सांगितलंय.
मी दोनदा लेखी पास झालो, दोन्ही वेळा एसएसबीतून (लेखीनंतरच्या निवड-मुलाखतीतून) परत आलो. त्यामुळे लेखीबद्दल खात्रीने बोलू शकतो. पुस्तक घेऊ नका. यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत, तेवढे प्रिंट करा. बाजारातल्या जाड पुस्तकांतले उतारे बँकेच्या परीक्षांचे असतात, लांबलचक. एनडीएचे उतारे त्या मानाने छोटे आणि प्रश्न नेमके. दर पेपरला उताऱ्यावरच्या प्रश्नांची संख्या बदलते, म्हणून फक्त उतारे घोटत बसू नका. चुका शोधणे, वाक्यांचा क्रम लावणे, समानार्थी-विरुद्धार्थी, हे सगळं त्याच ५० प्रश्नांत येतं. आणि वाक्यांचा क्रम लावणे हा उताऱ्याचाच सराव आहे, हे मला दुसऱ्या वेळी कळलं.
संपादकीय वाचा असं सगळे सांगतील. मी आठ महिने वाचली. एका लेखाला पाऊण तास जायचा, शब्द वहीत उतरवायचो आणि लेख काय म्हणत होता ते संध्याकाळी आठवायचं नाही.

पुणेकर_आई
माझ्या मुलासाठी आम्ही सात पुस्तकं, एक ॲप आणि एक टेस्ट सिरीज घेतली होती. ॲप फारच छान आहे, रोज दहा शब्द येतात. त्याचं वाचन आठवीपासूनच भरपूर, त्यामुळे उताऱ्यांचा त्रास असा झालाच नाही. इंग्रजी संपादकीय रोज वाचायला लावा, हा माझा पहिला सल्ला.

गोदाकाठ
नाशिकला मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व संस्था सुरू झाली आहे, संभाजीनगरला मुलांची १९७७ पासून आहे तशीच. तिथे प्रयत्न करा, सगळी तयारी करून घेतात.

वाट_खडकवासल्याची
तिथे प्रवेश दहावीनंतर, अकरावी-बारावीसाठी असतो. ही बारावीला आहे. उपयोग नाही.

गोदाकाठ
वाचणाऱ्यांत कुणाची दहावीतली मुलगी असेल, तिला उपयोग होईल. म्हणून लिहिलं.

इंग्रजीच्या_बाई
भाऊ, तुमच्या बहिणीचा आजार मला ओळखीचा आहे. २६ वर्षं जिल्हा परिषदेत आणि नंतर ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं. अशी मुलं शब्दागणिक मनात मराठी करत जातात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय असते. इंग्रजीत कर्ता आला की क्रियापदाची वाट लगेच बघायची असते, आणि मध्ये काही घुसलं की मूल चुकतं. एक वाक्य बघा: ‘द फार्मर्स हू हॅड सोल्ड देअर कॅटल रिग्रेटेड इट.’ तिला विचारा, या वाक्याचं मुख्य क्रियापद कोणतं? ‘सोल्ड’ म्हणाली तर दुखणं तिथे आहे. रोज दहा लांब वाक्यं घ्यायची, कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा. अर्थ नंतर. पंधरा दिवसांत फरक दिसतो.
दुसरं, तिला मराठी उतारा तरी नीट वाचता येतो का ते बघा. हसू नका कुणी. मी वर्गात पहिल्या दिवशी मराठी उताराच देते. हा घ्या:

‘कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या भागात उसाचं क्षेत्र वाढलं. ज्वारी कमी झाली, कडब्याचा भाव चढला. दोन-तीन जनावरं असणाऱ्या बऱ्याच जणांनी ती विकून टाकली. गावाचं दूध संकलन मात्र होतं तेवढंच राहिलं.’

यावरून काय निष्कर्ष निघतो?
(अ) पाणी आल्यामुळे गावातले शेतकरी सधन झाले.
(ब) उसामुळे गावाचा दूधधंदा बुडाला.
(क) जनावरं विकणाऱ्यांच्या दुधाची भर दुसरीकडून निघाली.
(ड) गावातल्या सगळ्या छोट्या पशुपालकांनी जनावरं विकली.

पुणेकर_आई
अ. पाणी आलं की सधनता येतेच.

निवृत्त_हवालदार
ड. सरळ लिहिलंय की विकली म्हणून.

बळीराजा_पंढरपूर
बाई, उताराच चुकीचा आहे. ऊस वाढला की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळतात, कडब्याची गरज पडत नाही. आमच्याकडे तोडणीच्या हंगामात सगळे वाढ्यांवरच भागवतात. कडबा महागला म्हणून कुणी जनावर विकत नाही.

दुधाळ_देशी
नुसत्या वाढ्यांवर दूध टिकत नाही हो. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराला कॅल्शियम कमी पडतं, चुन्याची निवळी शिंपडून घालावे लागतात. कडबा तो कडबा.

बळीराजा_पंढरपूर
आमच्या दोन म्हशी बारा वर्षं वाढ्यांवर आहेत. या, दाखवतो.

इंग्रजीच्या_बाई
बळीराजा, तुमचं शेतीचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण परीक्षेत नेमका असाच मार्क जातो. उताऱ्यात वाढ्यांचा शब्दही नाही. उतारा जे सांगतो तेवढंच त्या तीन मिनिटांपुरतं खरं मानायचं.
ताई, ‘अ’ बाहेरच्या जगात खरा असेल, उताऱ्यात पैशाबद्दल काहीच नाही. हवालदारसाहेब, उताऱ्यात ‘बऱ्याच जणांनी’ आहे, पर्यायात ‘सगळ्या’ आहे. चुकीचा पर्याय असा एका शब्दात लपलेला असतो. इंग्रजीत ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ दिसले की थांबून उताऱ्यात परत जायचं. ‘ब’ तर शेवटच्या वाक्याच्या उलट आहे. उरला ‘क’. तो उताऱ्यात कुठेच लिहिलेला नाही, तरी जनावरं गेली आणि दूध तेवढंच राहिलं, या दोन वाक्यांवरून तो निघतो. बहिणीला दोन पर्याय सारखे वाटतात ना? तिला म्हणावं, बरोबर कोणता ते शोधू नकोस. चूक कोणता आणि का चूक, ते समासात दोन शब्दांत लिही: ‘उताऱ्यात नाही’, ‘जास्त बोलतो’, ‘उलट’.

निवृत्त_हवालदार
‘बऱ्याच’ मी वाचलंच नव्हतं. मान्य.

शून्य_निगेटिव्ह
मुख्य मुद्दा कुणी घेतलाच नाही. २४ चूक म्हणजे ३२ मार्क गेले. तिला सांगा, शंका असेल तिथे गोळा काळा करायचाच नाही. मी तसंच केलं, ५० पैकी फक्त ३० सोडवले. माझं इंग्रजी निघालं.

त्रैराशिक
हा हिशोब अर्धाच आहे. इंग्रजीत बरोबरला ४, चुकीला १.३३ वजा. अगदी डोळे मिटून चार प्रश्नांना ठोकले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक: ४ आले, ४ गेले. शून्य. फायदा नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक: ४ वजा २.६७. शिल्लक राहते. दोन खोडता आले तर सोडणं म्हणजे मार्क टाकून देणं. बाईंनी सांगितलेली खोडायची पद्धत आणि हा हिशोब एकत्र वाचा. तिला दोन पर्यायांपर्यंत पोचता येतं असं धागाकर्ता स्वतःच म्हणतोय. मग तरी ४६ पैकी २२ च बरोबर का? म्हणजे बरेच ठिकाणी ती बरोबर पर्यायच आधी खोडत असणार.

शून्य_निगेटिव्ह
सरासरी कागदावर. हॉलमध्ये हात थरथरतो तेव्हा सरासरी आठवत नाही. माझ्या मित्राचा चार मार्कांनी कटऑफ हुकला, सगळे तुक्के चुकले होते.

वाट_खडकवासल्याची
त्रैराशिकशी सहमत. शिवाय सामान्य क्षमता पेपरला अडीच तास आणि १५० प्रश्न. त्यात इंग्रजी ५०. इंग्रजीला ४५ मिनिटांच्या वर देऊ नका, नाहीतर मागच्या १०० प्रश्नांचे ४०० मार्क घाईत जातात. मी पहिल्या वेळी एका उताऱ्यावर अकरा मिनिटं बसलो होतो, भूगोल वाचायलाच मिळाला नाही.

पुणेकर_आई
आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. त्याने वेळ वाचतो. टेस्ट सिरीजवाल्या सरांनीच सांगितलं होतं.

इंग्रजीच्या_बाई
लांब उताऱ्याला चालतं. दीडशे शब्दांच्या उताऱ्याला चालत नाही, कारण मूल मग प्रश्नातला शब्द शोधत धावतं आणि ‘ऑलदो’, ‘हाउएव्हर’ ओलांडून जातं. अर्थ तर तिथेच वळतो. आधी उतारा, एकदाच, सावकाश. मग पुस्तक झाकून एका ओळीत मराठीत लिहायचं: लेखक म्हणतो काय?

पुणेकर_आई
आमच्याकडे प्रश्न आधी वाचूनच झालं.

आकाशी_झेप
मी एअरफोर्सच्या अफकॅटला बसले आहे, तिथे १०० प्रश्न, चुकीला पूर्ण एक मार्क जातो, पण स्क्रीनवर. एनडीए कागदावर आहे, म्हणून मोबाईलवर सराव करू देऊ नका. कागदावर वाचायची, काळ्या पेनाने गोळे भरायची सवय लागू द्या. भाऊ, मुलींना एनडीएच्या फॉर्मची फी नाही, १०० रुपये तिथेही वाचले असतील. आणि संपादकीय वाचाच, वाट_खडकवासल्याचीने काहीही म्हटलं तरी.

निवृत्त_हवालदार
संपादकीयाला माझंही अनुमोदन. एसएसबीला पाच दिवस इंग्रजीतूनच बोलावं लागतं.

वाट_खडकवासल्याची
काका, हिंदीत बोललेलीही मुलं निवडली गेलेली मी माझ्या बॅचमध्ये बघितली. घाबरवू नका तिला. आधी लेखी होऊ दे.

माणदेशी_भाऊ
सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन पूर्ण धागा बहिणीला वाचून दाखवला. बाईंचं शेतकऱ्यांचं वाक्य विचारलं. ती ‘सोल्ड’ म्हणाली. मग स्वतःच पुन्हा बघितलं आणि ‘रिग्रेटेड’खाली दोन रेघा मारल्या. त्रैराशिक यांचाही अंदाज बरोबर निघाला. जुना पेपर काढून बघितला तर नऊ ठिकाणी तिने आधी बरोबर उत्तरावर पेन्सिलने टिंब केलं होतं आणि मग बदललं होतं. बदलायचं कारण विचारलं तर म्हणे, ‘ते उताऱ्यात लिहिलेलं नव्हतं.’

संपादकीय मात्र घेत नाही आहोत, तुम्ही इतक्या जणांनी सांगूनही. तिचाच निर्णय. तिचं म्हणणं, १०० प्रश्न इतिहास, भूगोल, विज्ञान आणि चालू घडामोडींचेच आहेत, आणि तिचा इतिहास-भूगोल सगळा मराठीतून झालाय. मग नववी-दहावीची एनसीईआरटीची इतिहास-भूगोलाची इंग्रजी पुस्तकंच वाचते. ती फुकट डाउनलोड होतात. गोष्ट माहितीची असल्यामुळे शब्द अडला तरी वाक्य सुटतं, आणि अक्षांश-रेखांशाचे इंग्रजी शब्दही त्यातच पाठ होतात. रोज दोन पानं, रेघा मारून, खाली एका ओळीत मराठी. मला पटलं.

खर्च सांगतो, कुणाला उपयोग होईल. जुन्या दहा पेपरांच्या आणि पुस्तकांच्या निवडक पानांच्या झेरॉक्स ६२० रुपये, साधं काट्याचं मनगटी घड्याळ ३५०. स्मार्टवॉच आत नेता येत नाही, म्हणून आत्तापासून हेच बांधून बसते.

इंग्रजीच्या_बाई
छान निर्णय. संपादकीयापेक्षा बरा, असं मी आता म्हणते. वाचन चालू विषयाचंच हवं असं काही नाही. मात्र आठवड्यातून एक अनोळखी विषयाचा उतारा जुन्या पेपरातून घ्याच. परीक्षेत गोष्ट माहितीची नसते.

पुणेकर_आई
संपादकीय सोडू नये असं मला अजूनही वाटतं. असो, शुभेच्छा.

माणदेशी_भाऊ
सहा आठवड्यांनी लिहितोय. काल दुसरा जुना पेपर लावला, इंग्रजीला ४५ मिनिटं. ३१ बरोबर, ९ चूक, १० सोडले. १२४ मधून १२ गेले, ११२ राहिले. सोडलेल्या दहांत सहा समानार्थी शब्द आहेत, उताऱ्याचा एकच. आता शब्दांसाठी काय करावं, ते सांगा. आणि बळीराजा, आमच्या वडिलांनीही तो उतारा ऐकला. ‘क’ बरोबर म्हणाले, पण आमच्याकडेही वाढे घालतात, चुन्याची निवळी शिंपडून.