पेनसिल्व्हेनियातून पहिलं मत: भाच्याचं ग्रीन कार्ड बघू की लेकीचं कॉलेज?

मिरजेची_लेक (१२ ऑक्टोबर २०२४)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये शपथ घेतली, नागरिक झाले. बावीस वर्षं इथे टॅक्स भरतेय, मत द्यायची ही पहिलीच वेळ. टपाली मतपत्रिका मंगळवारी आली. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली आहे. रोज काढते, रोज परत ठेवते.

धाकटा भाऊ ऑस्टिनला असतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या ईबी-२ रांगेत त्याची तारीख २०१४ ची, आणि या महिन्याच्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची रांग जुलै २०१२ पर्यंतच आली आहे. भाचा एकोणीसचा. एकवीस पूर्ण झाली की तो आईबापांच्या अर्जातून बाहेर पडेल. चार वर्षांचा असताना आलेलं पोर ते, त्याला मिरज आठवतही नाही. परवा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आमच्या तिघांचं मिळून तुझं एकच मत आहे. नीट बघून दे."

दुसरीकडे माझी लेक, सतरा वर्षांची. कॉलेजचे अर्ज भरतेय आणि तिच्या यादीत अटलांटा सगळ्यात वर. जॉर्जियात साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे. ३० सप्टेंबरला तिथल्या एका न्यायाधीशांनी ती उठवली, ७ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. भारतात १९७१ पासून कायदा आहे, डॉक्टरबाईंकडे बायका जायच्या, यायच्या. या गोष्टीवर निवडणूक लढवली जाते हे मला इथे आल्यावर कळलं.

अध्यक्षपदाच्या उमेदवारांचं ऐकून तर गोंधळ वाढतोच. जूनमध्ये ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले, इथे पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबरच ग्रीन कार्ड मिळावं. भाऊ हरखला. पण जून २०२० मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा प्रवेश थांबवणारा आदेश त्यांचाच होता, आणि माझी वहिनी तेव्हा मिरजेत अडकली होती. २०१८ मध्ये ते वीस आठवड्यांनंतरची देशव्यापी गर्भपातबंदी मागत होते. आता म्हणतात, असा कायदा आला तर नकाराधिकार वापरीन. हॅरिस २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी हवी म्हणाल्या, आता नको म्हणतात. कुणाचं कोणतं बोलणं धरून चालायचं?

कुणाला द्यायचं ते सांगू नका. तुम्ही कसं तोलता ते सांगा.

अल्फारेटाकर

ताई, जॉर्जियात राहतो म्हणून लिहितो. गेल्या वर्षी बायकोला नववा आठवडा चालू असताना बाळाचे ठोके लागेनात. अशा वेळी उपचारांना कायद्याची आडकाठी नाही, हे आता मला माहीत आहे. तरी दुसरी सोनोग्राफी, दुसऱ्या डॉक्टरांची सही, मग कुणाकुणाला फोन, यात चार दिवस गेले. ते चार दिवस ती सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसून होती. २०२० ला मी करांकडे बघून मत दिलं होतं. या वेळी माझ्यापुरता हा एकच मुद्दा आहे.

लेकीला अटलांटाला पाठवू नका, असं मात्र म्हणणार नाही. कॉलेजं चांगली आहेत.

समीर_बक्स_कौंटी

माझं मत ट्रम्पना, आणि विचार करून. २०२१ च्या सुरुवातीला तीस वर्षांचं गृहकर्ज तीन टक्क्यांच्या खाली मिळत होतं, तेव्हा आमचं डाउन पेमेंट जमलं नव्हतं. जमेपर्यंत ऑक्टोबर २०२३ उजाडला, दर पावणेआठच्या आसपास. व्याजदर फेडरल रिझर्व्ह ठरवते, अध्यक्ष नाही, हे मान्य. पण जून २०२२ ला महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, त्यात सरकारने ओतलेल्या पैशाचा वाटा होता, असं माझं ठाम मत आहे.

आणि सीमेचा प्रश्न. तुमच्या भावाने दहा वर्षं प्रत्येक कागद वेळेवर भरला, रांग मोडली नाही. रांग मोडणाऱ्यांना आधी थांबवा असं म्हटलं की लोक आम्हाला निर्दय ठरवतात, ते मनाला लागतं.

गर्भपाताचं म्हणाल तर माझी आई माळकरी. आमच्या घरात गर्भ हा जीवच. मी कुणावर लादणार नाही, पण राज्याराज्यांनी आपापलं ठरवावं हे मला पटतं.

एडिसनचे_आप्पा

पोरी, मी १९७६ ला आलो. पहिलं मत १९८४ ला, रेगनना. हिने माँडेलना दिलं. घरात दोन दिवस अबोला होता.

तेव्हापासून मी उमेदवाराच्या बोलण्याआधी बघतो, ते काम त्या खुर्चीच्या हातात आहे का. भावाची रांग कायद्यातून आली आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. हे अध्यक्षाच्या सहीने बदलत नाही, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, लागते. २०१९ मध्ये ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये ते माइक ली आणि कमला हॅरिस यांनी मिळून आणलं होतं, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही बदल करून मंजूर केलं, पण दोन्हीकडचे मसुदे जुळले नाहीत आणि ते बारगळलं. तेव्हा मी देवापुढे साखर ठेवून बसलो होतो. माझा पुतण्याही त्याच रांगेत आहे.

व्हिसा अडवणं मात्र अध्यक्षाच्या हातात असतं, ते तुझ्या वहिनीने भोगलंय. आणि न्यायाधीश नेमणं. रेगन १९८९ ला घरी गेले, त्यांनी नेमलेले केनेडी २०१८ पर्यंत खुर्चीवर होते. याच केनेडींनी आणि रेगनच्याच ओ'कॉनरबाईंनी १९९२ मध्ये 'रो'चा, म्हणजे गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणाऱ्या १९७३ च्या निकालाचा, गाभा राखला. मी मत दिलं तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं. तो १९९२ चा खटला तुमच्याच राज्याचा, प्रतिवादी गव्हर्नर रॉबर्ट केसी. त्यांचा मुलगा बॉब केसी आज तुझ्या मतपत्रिकेवर सिनेटसाठी उभा आहे, आणि २०२२ मध्ये त्याने गर्भपाताचा हक्क देशभर देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'रो' रद्द झालं. त्या बहुमतात ट्रम्पनी नेमलेले तिघेही होते. तुला हे हवं असो वा नको, बोलण्यापेक्षा ते पक्कं आहे.

मिरजेची_लेक (१४ ऑक्टोबर)

आप्पा, तुमचं सगळं भावाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग वरचा गोल भाचीसाठी भर. आमच्यासाठी खालचे बघ." मला रडू आलं.

इतके दिवस मी मतपत्रिकेचा वरचाच भाग बघत होते. काल खालपर्यंत वाचली. केसी आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले मॅकॉर्मिक, दोघांकडेही देशनिहाय मर्यादेबद्दल लिहून पाठवलंय. उत्तरं येईपर्यंत तो गोल रिकामा ठेवते. अध्यक्षपदाचा रात्री काळ्या पेनाने भरला. लेक शेजारी बसून बघत होती. तिला अठरावं डिसेंबरात पूर्ण होतं, थोडक्यात हुकलं.

समीर, तुमच्याशी गर्भपातावर माझं जुळणार नाही. पण रांगेबद्दल लिहिलंत ते भावाला फार बरं वाटलं.

अल्फारेटाकर, वहिनींना नमस्कार सांगा. त्यांच्याशी लेकीचं बोलणं करून द्याल का? ती स्वतःच विचारतेय.

पेनसिल्व्हेनियात कुणी वाचत असेल तर: मतपत्रिका आधी आतल्या पाकिटात, मग बाहेरच्या. बाहेर सही आणि तारीख दोन्ही. ५ नोव्हेंबरला रात्री आठच्या आत ती कौंटीकडे पोचलेली हवी, नुसता टपालाचा शिक्का चालत नाही.