प्लेटलेट उतरल्या तेव्हा तुमच्याकडे काय काय केलं? अनुभव लिहा

पाऊस उघडला की आपल्याकडे घरटी एक तापाचा पेशंट ठरलेला. यंदा आमच्या दिराचा नंबर लागला. डेंगू पॉझिटिव्ह, प्लेटलेट पन्नास हजारांच्या बऱ्याच खाली गेल्या होत्या, आता चढून ७२ हजारावर आल्या म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलंय. पण घरी आल्यापासून जो येतो तो एक उपाय सांगून जातो. आतेसासूबाई म्हणे "बकरीनं दूध पाज, पपईना पाला ठेच", शेजारचे काका म्हणे किवी आणा, एक जण तर म्हणे लाखाच्या वर गेल्याशिवाय घरी आणलंच कसं? डोकं भणभणून गेलंय. डॉक्टरांचं ऐकतोच आहोत, पण ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी लिहा ना, नंतर लक्ष कशावर ठेवलं ते. (धुळे)

केळीवाला, रावेर
वहिनी, आमच्या वडिलांच्या १८ हजारावर गेल्या होत्या. फॅमिली ग्रुपवर नुसता सट्ट्याचा आकडा लागल्यासारखं, सकाळचा किती, संध्याकाळचा किती, आणि तिकडे दोन चुलतभाऊ प्लेटलेट द्यायला गाडी काढून तयार. डॉक्टर मात्र आकडा बघायचे आणि लगेच दुसरं विचारायचे, लघवी किती झाली, पोट दुखतंय का, हिरड्यातून रक्त, काळी शौच? रिपोर्टमध्ये पीसीव्हीवर (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) बोट ठेवून म्हणाले, प्लेटलेट उतरताना हा वर चढायला लागला तर समजायचं रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय, मला त्याची जास्त भीती आहे. आईने पाण्याच्या बाटलीला पट्टीने खुणा करून लघवीचं माप ठेवलं होतं, वहीत एका बाजूला पोटात गेलेलं पाणी-ओआरएस-पेज आणि दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं. राउंडला डॉक्टर आधी ती वही मागायचे. रक्तस्राव कुठेच नव्हता म्हणून प्लेटलेट चढवल्याच नाहीत, दहा हजाराच्या खाली गेल्या किंवा रक्त दिसलं तर बघू म्हणाले. भाऊबंद नाराज झाले, पण आकडा आपोआप चढला.

रेल्वे कॉलनी, भुसावळ
ताप उतरला की लोक मोकळे होता, तीच गडबड आहे. आत्तेभावाचा ताप गेला, घरात सगळे खुश, आणि त्याच रात्री पोटात कळा, उलट्या थांबेनात, हातपाय गार. लगेच हलवलं म्हणून निभावलं. तापाच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत, आणि त्यातही ताप उतरताना, खरा धोका असतो असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि हो, अंगदुखीला कॉम्बिफ्लाम, डायक्लो, ॲस्पिरिन काही नाही. फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

पपई झिंदाबाद, धुळे
काही म्हणा, आम्ही पपईच्या पानाचा रस दिला आणि दुसऱ्या दिवशीच प्लेटलेट वाढल्या!

केळीवाला, रावेर
ताप उतरून दोन दिवस झाल्यावर दिला असेल ना भो? तेव्हा तशाही वाढतात, आमच्याकडे रस न पाजता वाढल्या. तुमच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण तो कडूजहर रस पिऊन पेशंट ओकला तर ती उलटी आजाराची का पाल्याची हे कसं कळणार?

लॅबवाली, शिरपूर
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सकाळी एका लॅबचा ४० आणि संध्याकाळी दुसरीचा ५२ आला म्हणून पेढे वाटू नका, २८ आला म्हणून रडूही नका. मशीन वेगळं की आकडा थोडा हलतोच, म्हणून शक्यतो एकाच लॅबला करा. लहान मुलांचं सॅम्पल ओढाताणीत घेतलं की ट्यूबमध्ये गुठळी धरते आणि काउंट खोटा कमी येतो. काही लोकांच्या तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएनेच (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीनला तो पुंजका मोजता येत नाही. पेशंट ठणठणीत आणि काउंट वीस हजार, असं दिसलं की आम्ही स्मिअर बघतो, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली, लागलं तर ईडीटीएऐवजी सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा घेतो. तुम्हीही विचारा, स्मिअर पाहिला का म्हणून.

सातपुडा, नंदुरबार
आमचं डेंगूचं नव्हतं. मुलीला साधी सर्दी-ताप होऊन गेली, नंतर नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. दाबले तरी फिके पडत नव्हते. गोवर समजून आजी कडुलिंब टाकून अंघोळ घालत होती. डॉक्टर म्हणाले आयटीपी, व्हायरलनंतर शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या प्लेटलेट मारते, लहान मुलांमध्ये बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत आपोआप बरं होतं. सायकल बंद, कबड्डी बंद, कमरेत इंजेक्शन नाही. रक्त येत नव्हतं म्हणून औषधही दिलं नाही, नुसतं बघत बसायचं. ते बघत बसणंच जड गेलं बापा. आता ठीक आहे, शाळेत जाते.

डोनर, चोपडा
एसडीपी, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, द्यायला मी जळगावला जातो. मशीन रक्त घेतं, प्लेटलेट काढतं, बाकीचं परत सोडतं, तास-दीड तास लागतो. पिशवी पाचच दिवस टिकते, तीही फ्रीजमध्ये नाही, २०-२४ डिग्रीला सतत हलती ठेवून. म्हणून "असू द्या एक पिशवी काढून ठेवलेली" असा प्रकार करू नका, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच फोन करा. आणि देणाऱ्याने आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही.

माहेर साक्री
बकरीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून द्या. कच्च्यातून ब्रुसेला होतो, एक ताप जाऊन दुसरा यायचा. डेंगूच्या सीझनला त्याचा भाव काय होतो ते वेगळंच!

केळीवाला, रावेर
धुळेवाल्या वहिनी, तुमच्या दिराच्या ७२ हजार आणि चढत्या आहेत, ताप नसेल, भूक लागत असेल, तर घरी सोडलं ते बरोबरच. वडिलांनाही आम्ही लाखाची वाट पाहिली नव्हती. आता तळहात-तळपायाला खाज सुटेल, लाल चट्टे येतील, घाबरू नका, बरं होतानाची खूण असते ती. थकवा मात्र बरेच दिवस राहतो. पोटदुखी, उलट्या, रक्त, सुस्ती यातलं काही दिसलं तर सीबीसीची (प्लेटलेट मोजायच्या रक्ततपासणीची) तारीख बघत न बसता सरळ दवाखाना.

माहेर साक्री
आणि घरातल्या बाकीच्यांचं बघा. डेंगूचे चार प्रकार आहेत, एक झाला म्हणजे सुटलो असं नाही, दुसऱ्यांदा जास्त त्रासाचा होऊ शकतो. आपल्याकडे नळ चार-आठ दिवसांनी येतो म्हणून पिंपं भरून ठेवतो, तो मच्छर त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतली कड घासावी लागते, अंडी तिथे चिकटलेली असतात.

(धुळे)
खाज कालपासून सुटलीये! मी म्हटलं औषधाची ॲलर्जी झाली की काय. डॉक्टरांना फोटो पाठवते तरी. सीबीसी सोमवारी आहे, त्याच लॅबला. पिंपाचं मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणे आधी कूलरमधलं पाणी काढतो.