जलपर्णी काढून भागत नाही

"यंत्र लावून जलपर्णी उपसली की छत्रपती संभाजीनगरचं सलीम अली सरोवर पूर्ववत होईल" हे या चर्चेत वर मांडलेलं मत अर्धंच पटलं. पर्णी हटली की उजेड आत शिरतो, खरंय. पण सांडपाण्यातलं नत्र (नायट्रोजन) नि स्फुरद (फॉस्फरस) येतच राहिलं तर मोकळ्या पाण्यावर शेवाळ धरतं आणि हायड्रिला, वॅलिसनेरियासारख्या पाण्याखालच्या वनस्पती पुन्हा अंधारातच. काठाला पाणकणीस (टायफा, उंच गवतासारखी पाणवनस्पती) तेवढं माजतं, बाकीच्या जाती एकेक करून गळतात.

गाळाबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. बराचसा स्फुरद गाळात लोहाला धरून बसलेला असतो. तळाशी प्राणवायू संपला की हा स्फुरद सुटून पाण्यात येतो. त्यामुळे सांडपाण्याचे नाले वळवल्यावरही पाणी कित्येक वर्षं हिरवं राहू शकतं. त्यात उपसलेली जलपर्णी काठावरच ढीग घालून कुजवायची (हे आपल्याकडे हमखास!) म्हणजे पहिल्या पावसात सगळं खत परत तळ्यात. ती लांब शेतात नेऊन कंपोस्ट केलेली बरी. आणि नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) हिवाळ्यात गेलात तर वारकरी (कूट) या काळ्या पाणपक्ष्यांचे थवे कुठे चरतात ते बघा. पाणवनस्पती हेच त्यांचं मुख्य खाणं, त्यामुळे पाण्याखाली काय उरलंय याचा अंदाज येतो.