केशराच्या पाकळ्यांचा औषधी उपयोग होतो का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): आम्ही घरातील थंड खोलीत केशराचे काश्मिरी कंद लावले आहेत. प्रत्येक फुलातील लाल कुक्षीचे तीन तंतू (म्हणजेच केशर) खुडून घेतल्यावर सहा जांभळ्या पाकळ्या आणि तीन पिवळे पुंकेसर सुपात तसेच उरतात. ते टाकून देताना जीव हळहळतो. त्यांत काही औषधी गुण असतात का?

उत्तर (पंचवटी): ताई, असतात. एक किलो केशराला सुमारे १,५०,००० फुले लागतात, म्हणजे टाकला जाणारा भागच कितीतरी पट अधिक आहे. कुक्षीत रंग देणारे क्रोसिन, कडवट चवीचे पिक्रोक्रोसिन आणि वाळवताना त्यापासून तयार होणारे सुगंधी सॅफ्रनाल असते. पाकळ्यांत मात्र केंफेरॉलसारखी फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींतील एक प्रकारची संयुगे) आणि जांभळा रंग देणारी अँथोसायनिन्स आढळतात. पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यावर लिंबू पिळून पाहा, पाण्याला गुलाबी झाक येईल. ती अँथोसायनिनची खूण.

उत्तर (सिडको): सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी कुक्षीचा, तसेच पाकळ्यांचाही, रोज ३० मिलिग्रॅम अर्क देऊन इराणमध्ये चाचण्या झाल्या आणि त्यांत सुधारणा दिसली. पण त्या मोजक्या रुग्णांवर, सहा-आठ आठवड्यांपुरत्याच होत्या, आणि घरचा काढा म्हणजे प्रमाणित अर्क नव्हे. गर्भारपणात किंवा नैराश्याची औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया काहीही घेऊ नका.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. उद्याच्या पाकळ्या सावलीत वाळवून ठेवते.