कॉन्फरन्सच्या फॉर्ममध्ये सगळ्याच सेशनला ४, ह्याचं करायचं काय?

टेस्टर_कोथरूडकर:
मंडळी, आम्ही पुण्यात एक छोटी ओपन सोर्स कॉन्फरन्स करतो, सगळा व्हॉलंटियर कारभार, कॉलेजचे दोन हॉल आणि एक शनिवार. ह्यावेळी दीडशेच्या आसपास लोक आले आणि फॉर्म भरला २८ जणांनी. "सेशन तुमच्या कामाचं होतं का, १ ते ५" ह्याला जवळपास सगळीकडे ४. ज्या टॉकला मागच्या दोन रांगा लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम उरकत होत्या त्यालाही ४! फक्त पोस्टग्रेसच्या (हा एक ओपन सोर्स डेटाबेस) सेशनला सरासरी ३ आली, पण उघडून बघितलं तर ३ कोणीच दिलेला नाही, निम्म्यांचे ५ आणि निम्म्यांचे १. "सेशनबद्दल सूचना" ह्या रकान्यात पुलाव गार होता, एसी फार होता आणि एक नुसतंच "छान". पुढच्या वर्षीचे टॉक ह्यावरून कसे निवडायचे? तुम्ही लोक काय विचारता?

रात्रपाळी_डीबीए:
त्या १ वाल्यांमधला एक मी 😅 टायटल होतं "पोस्टग्रेस फास्ट कसं करायचं", मी ऑटोव्हॅक्यूमचं (डेटाबेसमधल्या जुन्या ओळींची आपोआप होणारी साफसफाई) काहीतरी हाती लागेल म्हणून दुसऱ्या हॉलमधलं सोडून आलो आणि पहिली वीस मिनिटं इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची असं चाललेलं. शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी मात्र भराभर लिहून घेत होती, एक्सप्लेन अ‍ॅनालाइझचं आउटपुट, म्हणजे क्वेरीचा वेळ कुठे जातो त्याचा तपशील, स्क्रीनवर आलं तेव्हा तर फोटो काढायला उभीच राहिली. तिचे ५ असणार. म्हणजे टॉक वाईट नव्हता, मी चुकीच्या हॉलमध्ये होतो, आणि ते मला आधी कळायला काही मार्गच नव्हता.

सेमिकोलन_ताई:
बोलणाऱ्यांच्या बाजूने सांगते. एकाच टॉकवर मला "फार बेसिक" आणि "डोक्यावरून गेलं" दोन्ही मिळालंय. लेव्हल आम्हीच भरतो हो प्रपोजलमध्ये, आणि बहुतेक जण इंटरमीजिएट टाकून मोकळे होतात कारण ते टाकलं की कोणाचंच वाईट होत नाही. त्यापेक्षा "ऐकणाऱ्याला आधीपासून काय येत असावं" हे दोन ओळीत लिहून घ्या आणि शेड्यूलवर तसंच छापा. पायकॉन इंडियाची (पायथनवाल्यांची कॉन्फरन्स) प्रपोजल्स बरीच वर्षं सगळ्यांना उघडी असायची आणि लोक खाली कमेंट टाकायचे, हे अमुक पण घ्या म्हणून. टॉक व्हायच्या आधीचा असला एक प्रश्न मला नंतरच्या दहा स्टारपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दोन_पाय:
आपल्याकडे कोणी उठून जात नाही हा खरा लोचा. मधल्या रांगेत बसलं की सहा जणांचे गुडघे ओलांडायचे आणि वर स्पीकर ओळखीचा, मग माणूस बसतो आणि ४ देतो. ब्रुसेल्सला फॉस्डेमला, म्हणजे ओपन सोर्सच्या मोठ्या कॉन्फरन्सला, गेलो होतो, तिथे ना तिकीट ना रजिस्ट्रेशन, प्रत्येक टॉकनंतर लोक खोल्या बदलतात आणि भरलेल्या खोलीच्या दारावर सरळ "फुल" चा कागद लागतो. ओपन स्पेसवाल्यांचा (जिथे विषय आलेले लोकच ठरवतात) तर नियमच आहे, शिकत नसाल आणि शिकवतही नसाल तर पाय आहेत, उठा. तुम्ही सुरुवातीलाच माइकवर सांगून टाका की उठलात तर कोणाला राग येणार नाही, आणि दहाव्या मिनिटाला व एकदा शेवटी डोकी मोजा. फुकटचा फीडबॅक.

चिठ्ठीवाला:
फॉर्म मेलवर सोमवारी गेला असणार, पैज लावतो. तोवर कोणाला काय आठवतंय! गोटो, क्यूकॉनसारख्या मोठ्या सॉफ्टवेअर कॉन्फरन्समध्ये दाराशी हिरवं-पिवळं-लाल कार्ड टाकायची पद्धत होती, आम्ही आमच्या मीटअपला तेच रंगीत कागद कापून केलं. बाहेर पडताना त्या-त्या रंगाच्या डब्यात टाकायचं, पाच सेकंदांचं काम, जवळजवळ सगळे टाकतात. लाल टाकणाऱ्याने मागे एक शब्द लिहायचा, बेसिक / अवघड / टायटल वेगळं. आणि सरासरी काढूच नका, तुमचं पोस्टग्रेसचं ३ बघा ना.

टेस्टर_कोथरूडकर:
पैज जिंकलात, मेल सोमवारी दुपारी गेला 🙈 आणि "कामाचं होतं का" ह्या प्रश्नात आवडलं का आणि ऑफिसात वापरणार का असं दोन्ही कोंबलंय हे आत्ता वाचताना दिसतंय, ते वेगळं करतो. पोस्टग्रेसवाल्याला विचारतो पुढच्या वर्षी दोन भागांत घेशील का, डीबीएसाहेब तुम्ही ऑटोव्हॅक्यूमवर बोलता का? खरंच विचारतोय. डब्यांचं म्हणाल तर श्रीखंडाचे चार रिकामे आहेत घरी, दोन हॉलना सहा लागतील, कोणाकडे अर्धा किलोवाले दोन असतील तर घेऊन या.