पहिली फुल मॅरेथॉन: २६ किमीनंतर पाय संपतात. खाणं कमी पडतंय की पेस चुकतोय?

पहाटपावलं

जानेवारीत मुंबईची फुल (४२ किमीची मॅरेथॉन) करायची आहे, पहिलीच. वय ३८, वजन ६८ किलो, शाकाहारी (अंडी चालतात). हाफचा (२१ किमी) ताजा वेळ २:०५ तास. आठवड्याला साधारण ४५ किमी होतात, रोजचं धावणं किलोमीटरला ६:१५ ते ६:३० मिनिटांच्या पेसने. लाँग रन २८ किमीपर्यंत नेलाय आणि अडचण तिथेच येते. २६ च्या पुढे पेस किलोमीटरमागे मिनिट-दीड मिनिटाने घसरतो, पाय जड होतात, चिडचिड होते, साधा हिशोब सुचत नाही. सकाळी फक्त चहा घेऊन निघते, वाटेत लिटरभर पाण्यात इलेक्ट्रालचं एक पाकीट.

४:१५ चं लक्ष्य आहे. तासाला नेमकं किती खायचं? जेल (धावताना घ्यायची दाट साखरेची पाकिटं) महाग पडतात, त्याऐवजी खजूर, चिक्की, गूळ चालेल का? उपाशीपोटी धावलं की शरीर चरबी जाळायला शिकतं असं ग्रुपवर सांगतात, ते कितपत खरं? आणि कार्ब लोडिंग, म्हणजे शर्यतीआधी कर्बोदकांचा साठा भरून घेणं, यात प्रत्यक्षात ताटात काय वाढायचं?

रानवारा

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच कारण बरंचसं दिसतंय.

सपाटीवर धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी लागते. ६८ किलोला २६ किमी म्हणजे सुमारे १७७० कॅलरी. तुमच्या पेसला त्यातला पाऊण भाग कर्बोदकांतून येतो असं धरलं, तरी ३३० ग्रॅम कार्ब जळतात. साठा किती असतो? सगळ्या स्नायूंत मिळून ३५० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली कर्बोदकं) आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. पण दंडातलं ग्लायकोजेन मांडीला मिळत नाही. स्नायूपेशीत ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडणारं एन्झाइमच नसतं. ते काम यकृताचं, आणि रात्रभराच्या उपाशीपणात यकृताचा साठा निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो. चहावर निघालं की सुरुवातच अर्ध्या टाकीवर होते. चिडचिड, हिशोब न सुचणं ही रक्तातली साखर खाली आल्याची लक्षणं आहेत. पाय जड होणं हे मांडी-पोटरीतलं ग्लायकोजेन संपत आल्याचं. तुम्हाला दोन्ही एकदम होतंय.

इलेक्ट्रालबद्दल. ओआरएसचं सूत्र जुलाबासाठी बनलंय. लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, म्हणजे ५४ कॅलरी. मीठ-पाणी भरून काढायला ते उत्तम, पण इंधन म्हणून त्याचा हिशोबच धरू नका.

तासाला ५० ते ६० ग्रॅम कार्ब हे तुमचं लक्ष्य असावं. एकट्या ग्लुकोजचं शोषण आतड्यात मिनिटाला साधारण १ ग्रॅमला थांबतं, कारण त्याला आत घेणारं वाहक प्रथिन तेवढंच काम करू शकतं. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे, म्हणून दोन्ही मिसळून एलिट धावक तासाला ९० ग्रॅम आणि त्याहूनही वर जातात. चार-साडेचार तासांच्या धावपटूला त्याची गरज नाही आणि पोटालाही ते झेपत नाही.

घ्यायला सुरुवात ३० व्या मिनिटाला, मग दर २५ ते ३० मिनिटांनी. भूक लागायची किंवा थकवा यायची वाट पाहू नका. २६ ला पाय संपल्यावर घेतलेलं जेल स्नायूपर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन किलोमीटर गेलेले असतात.

कोकम_आगळ

खजूर-चिक्कीचं मी घेतो.

चिक्की धावताना नको. दाण्यातला स्निग्धांश पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतो, वर चावायला वेळ लागतो आणि श्वास चुकला की कण घशात जातो. खजूर सराव म्हणून ठीक. छोट्या बी काढलेल्या खजुरात ५-६ ग्रॅम कार्ब, म्हणजे तासाला दहा खावे लागतील. तेवढा तंतू दुसऱ्या तासानंतर शौचालय शोधायला लावतो. वेलची केळं आकाराप्रमाणे १० ते १३ ग्रॅम, चांगलं आहे, फक्त खिशात लगदा होतो. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. खनिजं त्या मात्रेत नगण्य आहेत, आणि विरघळवलेल्या गुळाचा गाळ फ्लास्कच्या तोंडात अडकतो.

घरगुती जेल असं करा. ७० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम साधी ग्लुकोज पावडर, पाव चमचा मीठ, ७० मिली गरम पाणी. नीट विरघळलं की अर्ध्या लिंबाचा रस गाळून घाला. साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते, त्यामुळे या मिश्रणात ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण जवळपास २:१ येतं. महागड्या जेलच्या पाकिटांवर हेच प्रमाण छापलेलं दिसतं. एकूण १३०-१४० मिली होतं, १५० मिलीच्या मऊ फ्लास्कमध्ये मावतं, आणि त्यात १०० ग्रॅम कार्ब. ३५ मिलीचा एक मोठा घोट म्हणजे २५ ग्रॅम. असे दोन फ्लास्क आणि शेवटच्या तासासाठी बाजारातलं एखादं जेल, झाली फुलची सोय. पहाटेच्या धावण्यासाठी आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि फ्लास्कची नळी ब्रशने घासा. साखर राहिली की बुरशी धरते.

घोटामागे १५०-२०० मिली साधं पाणी. इथेच बहुतेकांचं पोट बिघडतं: जेल घेतात आणि त्यावर गोड इलेक्ट्रोलाइट ड्रिंक पितात. पोटात साखरेचं द्रावण इतकं दाट होतं की आतडं शरीरातलंच पाणी आत ओढतं. मळमळ, मुरडा, पातळ शौच हा पुढचा क्रम.

आणि हे पहिल्यांदा शर्यतीत करू नका. पोटालाही सराव लागतो. मोनॅश विद्यापीठातल्या प्रयोगांत दोन आठवडे रोज धावताना कार्ब घेतल्यावर पोटाच्या तक्रारी कमी झालेल्या दिसल्या. तुम्ही दर लाँग रनला वाढवत न्या: आधी तासाला ३० ग्रॅम, मग ४०, मग ५०, आणि शर्यतीच्या पेसला घेऊन बघा. हळू धावताना पचलेलं वेगात पचेलच असं नाही, कारण वेग वाढला की पोटाकडचा रक्तपुरवठा पायांकडे वळतो.

यवतेश्वर_चढ

खाण्याचं दोघांनीही बरोबर सांगितलंय, पण माझ्या मते मोठी गडबड पेसमध्ये आहे.

२:०५ ची हाफ म्हणजे ५:५५ चा पेस. रोजचं धावणं ६:१५-६:३० ने म्हणजे सगळंच अर्धवट जोरात. सोपं धावणं तुमच्यासाठी ६:५० ते ७:२० हवं. परीक्षा सोपी आहे: पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. ऑक्टोबरच्या दमट उन्हात आणखी अर्धा मिनिट हळू पडलात तर ते बरोबरच आहे. घाम सुकत नाही, रक्त त्वचेकडे जातं, त्याच वेगाला ठोके वाढतात. तिथे घड्याळातल्या पेसपेक्षा श्वासाकडे बघा.

सोप्या वेगाने काय होतं? स्नायूत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो आणि ग्लायकोजेन वाचतं. तुमचा उपाशीपोटीचा प्रश्न इथेच सुटतो. चरबी जाळायची क्षमता मुख्यतः एकूण सोप्या किलोमीटरांतून येते. आठवड्यात एखादा ६० मिनिटांचा अगदी हळू रन नाश्त्याआधी केलात तर हरकत नाही. पण लाँग रन, टेम्पो (सलग जोरात धावणं) किंवा इंटरव्हल (थांबत-थांबत वेगाचे तुकडे) उपाशीपोटी अजिबात नको. वेग येत नाही, भरून यायला दिवस जास्त लागतात, आणि पोटाला सराव मिळायची आठवड्यातली एकमेव संधीही वाया जाते. चतुर्थी-एकादशी रविवारी आली तर लाँग रन शनिवारी घ्या.

आता ४:१५. हाफवरून फुलचा अंदाज काढायचं रीगलचं सूत्र आहे, वेळ गुणिले अंतराच्या पटीचा १.०६ वा घात. त्याने ४:२० येतात, आणि तेही फुलला पुरेसा सराव झालाय असं धरून. ४५ किमीच्या आठवड्यावर ४:३५ (६:३० चा पेस) हे प्रामाणिक लक्ष्य वाटतं. ४:१५ चा ६:०३ धरलात तर कार्बचा खर्च सुरुवातीपासूनच वाढतो, आणि तो कुठल्याही जेलने भरून निघत नाही.

आठवडा पाच दिवसांचा करा: तीन सोपे रन, एक टेम्पो (१५ मिनिटं वॉर्मअप, मग ३ वेळा १० मिनिटं ५:४५ ते ५:५५ ने, मध्ये २ मिनिटं जॉग), एक लाँग रन. हळूहळू ५५-६० किमीवर न्या, दर चौथ्या आठवड्यात २५ टक्के कमी. लाँग रनला ३० किमी किंवा साडेतीन तास, जे आधी होईल तिथे थांबा. त्यापुढे फायदा थोडा आणि दुखापतीची भीती मोठी. दोन-तीन लाँग रनमध्ये शेवटचे ८-१० किमी ६:३० ने काढा, आणि एकदा तरी असा मार्ग घ्या की पंचवीसनंतर चढ येईल. मुंबईच्या फुलमध्ये परतीचा पेडर रोडचा चढ बरीच वर्षं पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येत आलाय. यंदाचा नकाशा बघून घ्या.

पहाटपावलं

धन्यवाद सगळ्यांना. सोपं धावणं इतकं हळू असावं हे डोक्यातच नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या: कार्ब लोडिंग, आणि पाणी-मीठ. पायात गोळे येऊ नयेत म्हणून मीठाच्या गोळ्या घ्याव्यात का?

कोकम_आगळ

लोडिंग फक्त शुक्रवार-शनिवार. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये स्नायूचे तुकडे तपासून हे शोधलं गेलं, तेव्हा आधी तीन दिवस कार्ब बंद ठेवायची पद्धत होती. आता त्याची गरज नाही हे माहीत झालंय. शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास किलोमागे दिवसाला १० ग्रॅम, तुमच्यासाठी ६८० ग्रॅम. वाटतं त्यापेक्षा हे पुष्कळ आहे: ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात (२३५), १०० ग्रॅम पोहे (७६), ब्रेडचे ६ स्लाइस (८०), ४ मोठी केळी (१०५), ३०० ग्रॅम उकडलेले बटाटे (५५), आणि कोकम किंवा लिंबू सरबतातून दिवसभरात १०० ग्रॅम साखर. एवढं करून ६५० होतात. म्हणून तेल, तूप, दाणे, पनीर त्या दोन दिवसांत कमी. नाहीतर पोट भरतं आणि कार्ब अपुरे राहतात. पुरणपोळीत तूप आणि डाळ दोन्ही आहेत, ती शर्यतीनंतर.

तो संक्रांतीचा आठवडा असतो. भोगीची भाजी-भाकरी खा, पण शुक्रवारपासून बाजरी, नाचणी, हरभरे, पालेभाज्या, कोशिंबिरी बंद. तंतू आतड्यात राहतो आणि पहाटे त्रास देतो. शनिवारचं मोठं जेवण दुपारी, रात्री हलका वरण-भात. वजन किलो-दीड किलो वाढेल. घाबरू नका, ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं.

पहाटे सुरुवातीच्या अडीच तास आधी १०० ते १२० ग्रॅम: चार स्लाइस जॅम लावून आणि दोन वेलची केळी. पोहे सोसत असतील तर दाणे-खोबरं वगळून चालतील, पण लाँग रनआधी करून पाहिलेले असले पाहिजेत. चहाची सवय असेल तर घ्या.

रानवारा

मीठाच्या गोळ्यांचं उत्तर: पायात गोळे येण्याचं मुख्य कारण मीठ नसून स्नायूचा थकवा आहे, म्हणूनच ते सरावापेक्षा जोरात धावलेल्यांना ३० किमीनंतर येतात. मीठाने ते थांबतील या भरवशावर राहू नका. आला तर थांबा, स्नायू ताणून धरा, सुटेपर्यंत.

पाणी मोजून ठरवा. शर्यतीच्या वेळेला, शर्यतीच्या पेसला तासभर धावा. आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ६०० ग्रॅम घटले आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर घाम ९०० मिली. त्यातला अर्धा ते दोन तृतीयांश भरून काढला तरी पुरे. बहुतेकांना तासाला ४०० ते ७०० मिली लागतं. घामाने मिठाचे पांढरे डाग कपड्यांवर पडत असतील तर तासाला ३०० ते ५०० मिग्रॅ सोडियम घ्या. १ ग्रॅम मीठात सुमारे ३९० मिग्रॅ असतं, आणि वरच्या घरगुती जेलमधून त्याचा बराचसा भाग येतोच.

जास्त पिणं हे कमी पिण्यापेक्षा घातक ठरू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं होतं, आणि धावताना वजन वाढणं हे त्याचं ठळक लक्षण होतं. तुमच्यासारखे चार तासांच्या वर धावणारे यात जास्त सापडतात, कारण प्रत्येक पाणपोईवर थांबायला वेळ असतो. अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं वाटणं, हे दिसलं की पाणी बंद आणि थेट वैद्यकीय तंबू. शर्यतीआधी किंवा वाटेत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही घेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो आणि हाच धोका वाढतो.

यवतेश्वर_चढ

सरावात इतके किलोमीटर वाढवताय आणि शाकाहारी आहात, तर आत्ताच हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) तपासून घ्या. ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, मनाने लोहाच्या गोळ्या नकोत. जेवणाला लागून चहा नको, तासाभराने. पाळी चुकायला लागली तर ते सरावाची सवय म्हणून सोडून देऊ नका, रोजचं खाणं खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असते.

शेवटचे तीन आठवडे किलोमीटर उतरवा: पीकच्या (सगळ्यात जास्त किलोमीटरांच्या आठवड्याच्या) ८० टक्के, मग ६०, मग शर्यत सोडून ३५-४०. टेम्पो ठेवा, फक्त छोटा. पाय आळसावल्यासारखे वाटतील, त्यावर उपाय म्हणून जास्तीचा रन काढू नका.

आणि शर्यतीत पोट बंद झालं, गोड नकोसं झालं, तर? १५-२० मिनिटं पेस अर्ध्या मिनिटाने कमी करा, फक्त पाण्याचे छोटे घोट घ्या. तोवर गोड पेय तोंडात ५-१० सेकंद खळखळून थुंका. तोंडातल्या संवेदकांना कार्ब कळले की मेंदू थोडा हात सैल सोडतो. तासाभराच्या सायकलिंग चाचण्यांत गिळल्याशिवायही फरक दिसलाय. ढेकर आला, पोट हलकं वाटलं की नेहमीच्या निम्म्या घोटाने पुन्हा सुरू करा.